कामाची मोजणी आणि नजरेआडचे श्रम

“आपण काय काम करता?” हा प्रश्न दिसावयास सोपा आहे. परंतु खेड्यातील एखाद्या गृहिणीस तो विचारल्यास “काही नाही, घरीच असते,” असे उत्तर पुष्कळदा मिळते. पहाटे पाणी भरणारी, गोठा झाडणारी, भर उन्हात घरच्या शेतात खुरपणी करणारी ती हीच स्त्री. कामाच्या बदलत्या स्वरूपाचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञांपुढील पहिली अडचण येथेच उभी राहते.

कारखान्यातील कामगाराची गणना सुलभ असते. ग्रामीण भागात मात्र एकच माणूस पावसाळ्यात स्वतःची शेती कसतो, दिवाळीनंतर ऊसतोडीस जातो आणि मधले काही दिवस रिकामा राहतो. प्रा. एम. एल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने १९७० साली आपल्या अहवालात या प्रश्नाचा ऊहापोह केला. त्यानंतर १९७२-७३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत वर्ष, आठवडा आणि दिवस अशा तीन मापांनी रोजगार मोजण्यात आला.

तरीही घरातील श्रम नोंदीबाहेरच राहिले. त्यासाठी वेळेचा हिशेब मांडणारी पद्धत उपयोगी पडली. १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत तिचा प्रयोग झाला व २०१९ मध्ये देशव्यापी पाहणी झाली. आदल्या दिवशी पहाटे चारपासूनच्या चोवीस तासांत कोणी काय केले, याची अर्ध्या-अर्ध्या तासाने नोंद घेण्यात आली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दररोज सरासरी २९९ मिनिटे, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे देतात, असे त्यात आढळले.

हे आकडे केवळ विद्वानांच्या उपयोगाचे नाहीत. पाणी आणण्यात जाणारे तास कागदावर आले, तरच नळयोजनेची निकड आकड्यांनिशी मांडता येते. पाळणाघराचेही तसेच आहे.

१९९१ च्या जनगणनेत घरच्या शेतातील वा व्यवसायातील बिनमोल श्रमांचा उल्लेख प्रश्नातच करण्यात आला. परंतु छापील प्रश्न कितीही नेमका असला, तरी तो दारात उभा राहून विचारणारा बहुधा शिक्षकच असतो. “घरीच असते” हे उत्तर लिहून तो पुढच्या घराकडे वळला, तर एका स्त्रीचे वर्षभराचे कष्ट नोंदीतून गळतात. “घरच्या शेतात काही काम केलेत का?” एवढे त्याने विचारले, तर ते नोंदले जातात.