वळीव येतो तेव्हा



चैत्र संपत आला की दुपारी ऊन नुसतं भाजत नाही, उकडतंही. घाम अंगाला चिकटून राहतो, वारा पडतो, झाडाचं पान हलत नाही. अशा दिवशी दुपारनंतर आभाळावर लक्ष ठेवायचं. पांढरा ढग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुगत वर चढला, त्याचा तळ काळा पडला आणि माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरला, की वळीव आलाच म्हणून समजा. मोसमी पाऊस आपल्याकडे सह्याद्रीकडून येतो; वळवाला दिशेचं बंधन नाही, तेव्हा चारी बाजूंना बघा. मग थंड वाऱ्याचा झोत येतो, पुढे धुळीचा लोट. ढगातली गार हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून पसरते, तोच हा वारा. तो अंगाला लागला की आवराआवरीची वेळ संपली. आडोसा गाठायचा.

पण आडोसा कुठला? 17 एप्रिल 2023 ला पुण्याजवळ, पिंपरी-चिंचवडमधल्या किवळे भागात संध्याकाळी वादळी वारा सुटला. महामार्गालगत एका मोठ्या जाहिरात फलकाच्या आडोशाला माणसं थांबली होती. तोच लोखंडी सांगाडा कोसळला आणि पाच जण गेले. त्यांतल्या चार बाया होत्या. बाजाराला, दवाखान्याला शहरात आलात तर हे ध्यानात असू द्या. फलक, पत्र्याची शेड, जुनी भिंत, मोठं झाड यांच्याखाली थांबू नका. भिजलं तर भिजलं.

शेतात विजेची भीती मोठी. वीज चमकली की मनात आकडे मोजायला लागा. गडगडाट ऐकू येईपर्यंत तीन आकडे झाले, तर वीज साधारण एक किलोमीटरवर पडली; तीस झाले, तर दहा किलोमीटरवर. तीसच्या आत आवाज आला, की काम टाकून पक्क्या घरात जायचं. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. खरं तर गडगडाट ऐकू येतो इतक्या जवळ ढग असला, तर वीज आपल्यापर्यंतही पोचू शकते.

हे सांगणं सोपं आहे, हे आम्हालाही कळतं. उघड्यावर कांदा पडलेला असतो, गच्चीवर कुरडया वाळत असतात, शेळ्या बांधाला असतात. ढग दिसला की ताडपत्री घेऊन पहिली धावते ती बाईच. म्हणून वळवाच्या दिवसांत ताडपत्री आणि दोऱ्या दुपारीच ढिगाशी नेऊन ठेवा. जनावरं झाडाखाली बांधू नका. घर गाठता आलंच नाही, तर झाडापासून, तारेच्या कुंपणापासून, विहिरीच्या पंपापासून लांब, पाय जुळवून उकिडवं बसा. आडवं पडू नका.

पुण्यात पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी ‘दामिनी’ नावाचं मोबाईल ॲप तयार केलं आहे. आपल्यापासून वीस-चाळीस किलोमीटरच्या टापूत विजा पडत असल्या, तर ते इशारा देतं. गटात एकीच्या फोनवर असलं तरी चालेल, फक्त तिनं सगळ्यांना हाक मारली पाहिजे. हवामान खात्याचा पिवळा, केशरी, लाल इशाराही बघत जा. लाल सगळ्यांत गंभीर.

आणखी एक. पायाळू माणसावर वीज पडते म्हणून पावसात कुणाला घराबाहेर ठेवू नका की टोचून बोलू नका. विजेला माणसाचा जन्म कळत नाही, तिला उंच आणि एकटं उभं असलेलं काही मिळालं की पुरतं.

वीज लागलेल्या माणसाला हात लावला तर आपल्यालाही झटका बसेल, या भीतीनं लोक लांब उभे राहतात. त्याच्या अंगात वीज उरत नाही. लगेच हात लावा, सुरक्षित जागी न्या. श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी जोरात, भराभर दाबत राहा आणि दुसरीला 108 ला फोन करायला सांगा. गाडी येईपर्यंत दाबणं थांबवू नका, दमलात तर आळीपाळीनं करा.