च, ज आणि जिभेचे स्थान



पूर्णा-नांदेड लोहमार्गावरील चुडावा हे परभणी जिल्ह्यातील एक लहानसे स्थानक. फलकावरील त्या नावाचा पहिला ‘च’ परप्रांतीय प्रवासी ‘चंद्रा’तल्यासारखा वाचतो. तो ‘चांदण्या’तलाही असू शकेल, अशी शंका त्याला येत नाही; कारण देवनागरीने या दोन ध्वनींना एकच अक्षर दिले आहे.

‘चंद्र’ म्हणताना जिभेचा पुढचा भाग पसरट होऊन टाळूला भिडतो. ‘चांदणे’ म्हणताना मात्र केवळ टोक वरच्या दातांमागे टेकते व बाकीची जीभ खालीच राहते. पहिला उच्चार तालव्य, दुसरा दंततालव्य. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांतील अंतर एवढेच! पुढे ‘इ’ आला की जीभ बहुधा टाळूकडे वळते; म्हणून ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतले ‘झ’ निराळे.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि कारभाराची भाषा उर्दू होती. दप्तरातील शब्द तिकडूनच रुळले, पण मराठी जिभेने ते आपल्या वळणावर नेले. उर्दूत ‘जमीन’ व ‘जिल्हा’ या दोन्ही शब्दांचा आरंभ एकाच घर्षक ध्वनीने होतो. तेथे जीभ दातांमागे फट ठेवते, टेकत नाही. मराठीत ‘जमीन’ दातांशी राहिली आणि ‘जिल्हा’ टाळूवर गेला. उलट ‘खर्च’ उर्दूत तालव्य, मराठीत दंततालव्य. शेजारच्या तेलुगूतही देशी शब्दांतील ‘च’ पुढच्या स्वराप्रमाणे असाच बदलतो. हिंदीत मात्र दंततालव्य ‘च’ नाही.

ज्याच्या घरी हिंदी वा उर्दू बोलली जाते, तो विद्यार्थी ‘चोर’, ‘पाच’ हे शब्द तालव्य उच्चारतो आणि वर्ग हसतो. ती निष्काळजी नव्हे. त्याच्या जिभेला ती जागा ठाऊकच नसते. ‘नीट म्हण’ असे दहादा दरडावण्यापेक्षा ‘त’साठी टोक टेकवून लगेच ‘स’कडे सोडावयास सांगावे. लहानसा आरसा असल्यास उत्तम. श्रुतलेखनावर विसंबण्यात अर्थ नाही: तेथे दोन्ही ‘च’ सारखेच उमटतात, आणि पैकीच्या पैकी गुण मिळविलेला तोच मुलगा प्रकट वाचनाची पाळी आली की गप्प बसतो.