कानातली शिट्टी आणि मनातली भीती

(३ मार्च, जागतिक श्रवण दिनानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



कमिटीने मला "आरोग्यावर काहीतरी बोला" असं सांगितलं. मी काही डॉक्टर नाही. एकतीस वर्षं कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये काढलेला साधा फिटर आहे. पण गेल्या काही महिन्यांत लिफ्टमध्ये, कट्ट्यावर, जिन्यात तीन-चार जणांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "काका, तुमच्या कानात आवाज येतो ना? मलाही येतो हो." प्रत्येकजण हळूच विचारतो. म्हणून म्हटलं, आज सगळ्यांसमोर मोठ्यानेच बोलू.

या आवाजाला डॉक्टर टिनिटस म्हणतात. 'किणकिणणे' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ते नाव आलं. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत कर्णनाद हा शब्द आहे, म्हणजे दुखणं काही आजचं नाही. कुणाला शिट्टी ऐकू येते, कुणाला रातकिडे, कुणाला कुकरची वाफ सुटल्यासारखं. बाहेर काहीही वाजत नसतं, ऐकू मात्र येतं. जगभरच्या पाहण्या एकत्र करून २०२२ मध्ये जो अंदाज काढला गेला, त्यानुसार मोठ्या माणसांपैकी साधारण १४ टक्के लोकांना हा अनुभव येतो. म्हणजे सात जणांत एक. या हॉलमध्ये सत्तर खुर्च्या आहेत, हिशेब तुम्हीच करा.

माझं सुरू झालं गेल्या मे महिन्यात. रात्री साडेअकराला अंथरुणावर पडलो आणि बारीक शिट्टी ऐकू आली. आधी वाटलं फ्रिज, मग वाटलं इन्व्हर्टर. दोन्ही बंद केले. खाली जाऊन वॉचमनला विचारलं, तो म्हणाला, "काका, पंप तर दहालाच बंद केलाय." परत वर आलो, मेन स्विच पाडला. घर एकदम चिडीचूप झालं, आणि त्या शांततेत शिट्टी आणखी मोठी झाली. तेव्हा कळलं, आवाज घरात नाही, माझ्यात आहे. छातीत धडधडायला लागलं. हे आता आयुष्यभर असंच? डोक्यात काही गाठ-बिठ तर नाही? बहिरा होणार का? त्या रात्री झोप नाही, पुढच्या आठ रात्री धड नाही. दिवसा कट्ट्यावर यायचं बंद झालं. संध्याकाळ व्हायला लागली की पोटात गोळा यायचा, कारण पुढे रात्र होती.

मग कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी कानात मळ आहे का पाहिलं, पडदा पाहिला, ऑडिओमेट्री करायला लावली. आलेख चार हजार हर्ट्झच्या आसपास खाली गेला होता. यंत्रांच्या आवाजात आयुष्य गेलेल्यांचा आलेख बहुतेकदा असाच दिसतो. डॉक्टरांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. आपल्या आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने किंवा वयाने त्या झिजतात आणि पुन्हा उगवत नाहीत. त्या पट्टीचा आवाज मेंदूकडे कमी पोचू लागतो. मग मेंदू काय करतो? रेडिओ स्टेशन नीट लागत नसलं की आपण आवाज वाढवतो, तसंच. स्टेशन येत नाही, खरखर मात्र वाढते. ती खरखर म्हणजे आपली शिट्टी.

आणखी एक गोष्ट ऐकून मला फार बरं वाटलं. १९५३ मध्ये अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या दोघांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० माणसांना एकेक करून ध्वनिरोधक खोलीत बसवलं. काय ऐकू येतं ते सांगा, एवढंच विचारलं. त्यांपैकी ९४ टक्के लोकांनी कसले ना कसले आवाज ऐकू आल्याचं सांगितलं! म्हणजे पुरती शांतता मिळाली की धडधाकट माणसालाही आतलं काहीतरी ऐकू येतं.

मग त्रास कशाचा होतो? १९९० मध्ये पावेल जास्त्रेबॉफ या शास्त्रज्ञाने याचा उलगडा मांडला. आवाज कानात आला म्हणून माणूस खचत नाही. मेंदूने त्या आवाजावर 'धोका' असा शिक्का मारला की तो खचतो. धोका म्हटलं की मेंदू त्यावर पहारा ठेवतो, पहारा ठेवला की आवाज जास्त जाणवतो, जास्त जाणवला की भीती वाढते. हे चक्र आहे.

उलटं चक्रही फिरतं. आपल्या ए विंगमागून रेल्वे लाइन जाते. नवीन भाडेकरू आला की पहिले पंधरा दिवस त्याची झोप उडालेली असते. दोन महिन्यांनी त्याला विचारा, रात्री मालगाडी किती वाजता गेली? त्याला पत्ताच नसतो. गाडी तेवढीच वाजते, पण मेंदूने ठरवलेलं असतं की यात काही दखल घेण्यासारखं नाही. कानातल्या शिट्टीचंही तसंच होऊ शकतं. त्याला वेळ लागतो, महिने लागतात. मला साधारण सहा लागले.

त्या सहा महिन्यांत मला काय उपयोगी पडलं?

पहिलं, शांततेच्या मागे लागणं सोडलं. झोपताना टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावतो, नाहीतर मोबाइलवर पावसाचा आवाज अगदी हळू. शिट्टी बुडवायची नाही, तिच्या शेजारी दुसरा मऊ आवाज ठेवायचा. अंधारात एकच दिवा डोळ्यांवर येतो, खोलीत चार दिवे असले की तो दिसला तरी टोचत नाही, तसं.

दुसरं, आज आवाज किती आहे हे दिवसातून दहादा तपासणं बंद केलं. तपासणं म्हणजेच पहारा.

तिसरं, झोप नाही आली तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही. उठायचं, मंद दिव्यात पेपर चाळायचा, डोळे जड झाले की परत आडवं व्हायचं. सकाळी उठायची वेळ मात्र ठरलेली.

चौथं, श्रवणयंत्र. ऐकू कमी येत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लावा. बाहेरचं नीट ऐकू यायला लागलं की आतलं मागे पडायला मदत होते. चष्म्याची लाज नाही, मग मशीनची कशाला?

पाचवं, समुपदेशन. कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी नावाची बोलण्याची पद्धत आहे. तिने आवाज जात नाही, पण त्याची भीती आणि जाच कमी होतो, आणि अभ्यासांतून आधार मिळालेला हा उपाय आहे. उलट गिंको, झिंक, मेलाटोनिन अशा गोळ्या टिनिटससाठी घेऊ नयेत, असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा डॉक्टरांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलंय. 'आठ दिवसांत गॅरंटी' अशा जाहिराती दिसल्या तर पाकीट खिशातच ठेवा.

आता डॉक्टरकडे लगेच कधी जायचं ते नीट ऐका. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, चक्कर येत असेल, तर थांबू नका. एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी गाठा, कारण त्यावरचे उपचार लवकर सुरू झाले तरच जास्त उपयोग होतो. चेहरा वाकडा झाला किंवा हातपाय लुळे वाटले तर सरळ इमर्जन्सीत न्या. ॲस्पिरिनचे मोठे डोस, काही अँटिबायोटिक इंजेक्शनं, कॅन्सरची काही औषधं यांनीही कानात आवाज येऊ शकतो. डॉक्टरांना सगळी औषधं सांगा, आपल्या मनाने बंद करू नका. आणि जगणं नकोसं वाटायला लागलं, तर ते मनात ठेवू नका. घरच्यांना सांगा, किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन लावा. फोन फुकट आहे, कुठल्याही वेळी लागतो.

घरच्यांसाठी दोन शब्द. "लक्ष देऊ नकोस" असं म्हणू नका. तसं म्हटलं की लक्ष तिकडेच जातं. "आज आहे का आवाज?" असं रोज विचारूही नका. आमच्या हिने आठवडाभरात तो प्रश्न बंद केला. संध्याकाळी पाच वाजले की हातात पिशवी द्यायची आणि मंडईत पाठवायची. भाजीवाल्याशी घासाघीस करताना शिट्टीची आठवण कोणाला राहते? आणि "सगळं तुझ्या मनाचे खेळ" हे तर कधीच म्हणू नका. आवाज खरा असतो, फक्त तो तुम्हाला ऐकू येत नाही.

शेवटी तरुण मंडळींना. माझे कान कारखान्यात गेले, ते पोटासाठी. तुमचे हौसेपायी जाऊ नयेत. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा हिशेब असा, की ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास, आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. डीजेच्या भिंतीपुढे दोन तास नाचलात तर काय होईल ते बघा. नाचून घरी आल्यावर कानात गुंई वाजत असेल, तर ती कानाची तक्रार समजा. आपल्याकडे २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, लाउडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद. रौप्यमहोत्सवाच्या ऑर्केस्ट्रासाठी कमिटीने स्पीकर मुलांच्या खुर्च्यांपासून लांब ठेवायचं कबूल केलंय, त्याबद्दल आभार.

माझी शिट्टी गेलेली नाही. आत्ता बोलतानाही आहे, पण तुमच्याशी बोलत होतो तोवर मला तिची आठवण नव्हती. ज्यांना नुकतीच ऐकू यायला लागली आहे त्यांना एवढंच सांगतो, पहिले दिवस सगळ्यात वाईट असतात. तपासणी करून घ्या, पंखा लावा आणि कट्ट्यावर या. विषय निघालाच आहे, तर आता हळूच विचारायची गरज नाही.