वृद्धांचा गुदभ्रंश : संकोच नको, उपचार हवा



गुदाशय गुदद्वाराबाहेर येणे म्हणजे गुदभ्रंश. या विकारात शौचावरील ताबाही अनेकदा सुटतो. लज्जेपोटी वृद्ध माता हे दुःख लपवते. देवदर्शन, लग्नकार्य टाळते. ‘या वयात शस्त्रक्रिया सोसेल का?’ ही कुटुंबीयांची भीती स्वाभाविक आहे. परंतु फ्रेंच शल्यविशारद देलॉर्म यांनी १९०० साली वर्णिलेल्या शस्त्रक्रियेत पोट उघडावे लागत नाही. बाहेर आलेल्या भागाचे आतले अस्तर काढून स्नायूस चुण्या घालतात. केवळ कमरेखालचा भाग बधिर करूनही ती करता येते. विकार पुन्हा उद्भवू शकतो, ताबाही प्रत्येकास पूर्णपणे लाभत नाही. हे आधीच समजून घ्यावे. तथापि अनेकांचा त्रास निश्चितच हलका होतो. म्हणून वडीलधाऱ्यांची आपुलकीने विचारपूस करावी. त्यांचे मौन हे आरोग्याचे लक्षण मानू नये.