बंदिशाळा आणि शेजारधर्म



जुबिलीच्या वर्षीं दास्यांत पडलेला मनुष्य आपल्या कुळांत परत जावा, अशी इस्राएल लोकांस आज्ञा होती. म्हणून या मंगलप्रसंगीं बंदिवानांविषयीं चार शब्द बोलणें अप्रस्तुत होणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

अमेरिकेंत १९७० नंतर गुन्ह्यांवर मुख्यतः एकच उपाय वाढत गेला : अधिक पोलीस व अधिक कोठड्या. २००८ च्या सुमारास तेथील बंदिवानांची संख्या २३ लक्षांच्या घरांत पोहोंचली. १९९० नंतर गुन्हेही पुष्कळ घटले. न्यूयॉर्क शहरीं १९९० सालीं २,२४५ खून झाले होते. २०१७ सालीं २९२ झाले. याचें श्रेय बहुतेकांनीं पोलिसांस व तुरुंगांस दिलें.

समाजशास्त्रज्ञ पॅट्रिक शार्की यांनीं दोन सहकाऱ्यांसह २६४ शहरांची माहिती तपासून २०१७ सालीं निबंध प्रसिद्ध केला. पोलिसांचा वाटा ते नाकारीत नाहींत. परंतु मुलांस वळण लावणाऱ्या, व्यसनी माणसांस सांवरणाऱ्या, वस्ती सुधारणाऱ्या स्थानिक संस्थांचाही वाटा त्यांनीं मोजून दाखविला. लाख वस्तीमागें अशा १० संस्था वाढल्या, म्हणजे खुनांचें प्रमाण शेंकडा ९ नें घटतें, असा त्यांचा निष्कर्ष आहे. यांत आम्हांस नवल वाटत नाहीं. जेथें शेजारी एकमेकांच्या मुलांस नांवानें ओळखतात, तेथें भांडण विकोपास जाण्यापूर्वींच कोणी तरी मध्यें पडतो.

उलट, तुरुंगाचा शिक्का सहजीं पुसला जात नाहीं. विदुषी डीव्हा पेजर यांनीं मिलवॉकी शहरीं सारख्याच लायकीचे तरुण नोकरी मागावयास पाठविले. त्यांचा निबंध २००३ सालीं प्रसिद्ध झाला. निष्कलंक गोऱ्यांस शेंकडा ३४ ठिकाणांहून बोलावणें आलें, तुरुंगवास सांगणाऱ्या गोऱ्यांस १७. कृष्णवर्णीयांस निष्कलंक असूनही १४, व तुरुंगवास सांगितल्यावर अवघीं ५.

हें दूरदेशींचें म्हणून आपण निश्चिंत राहूं नये. आपल्यांतील एखादा शिक्षा भोगून परत आला, तर रविवारीं देवळांत त्याच्या बांकावर बसावयास आपण किती जण तयार असतों? तो आंत असतां त्याच्या बायकामुलांच्या दारीं आपलीं पावलें वळतात काय? त्यास काम कोण देतो?

जुबिलीनिमित्त आपण देवळास नवा रंग दिला, हें योग्यच झालें. आतां परत येणाऱ्यासाठीं बांकावर थोडें सरकून जागा करूं या.