अर्धवेळ विद्यार्थी कोठे गळतो?



विद्यापीठीय शिक्षणाच्या खर्चाची चर्चा बहुधा प्रवेशापाशीच थांबते. दिवसा नोकरी करून शिकणाऱ्याची कसोटी मात्र प्रवेशानंतर सुरू होते. ब्रिटनचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

हॅरॉल्ड विल्सन यांच्या मजूर सरकारच्या काळात, १९६९ साली, तेथे मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. खाणकामगाराची कन्या असलेल्या मंत्री जेनी ली यांनी ते नेटाने उभे केले. पूर्वपात्रतेची अट नव्हती. एकेक विषय घ्यावा, त्यापुरतीच फी भरावी. कारखाना वा घरसंसार सांभाळून शिकणाऱ्यांची ही मोठी सोय होती. परंतु अशा शिक्षणात पुढे जाण्याचा निर्णय प्रत्येक विषयाअखेर नव्याने घ्यावा लागतो. मुलांचा खर्च, घराचा हप्ता आणि स्वतःचा पुढचा विषय यांपैकी कशावर काट मारली जाते, हे सांगावयास नको. असा विद्यार्थी शिक्षण सोडल्याचे जाहीर करीत नाही; पुढच्या वर्षी नाव घालीत नाही, इतकेच.

पहिला घाव मजूर पक्षाच्याच सरकारने घातला, ही खेदाची गोष्ट. समकक्ष पदवी आधीच असलेल्यांसाठीचे अनुदान इंग्लंडमध्ये २००८ पासून काढून घेण्यात आले. जुना धंदा बुडाला म्हणून नवे कसब शिकू पाहणारा त्यात भरडला गेला. पुढे २०१२ साली हुजूर व उदारमतवादी पक्षांच्या आघाडी सरकारने अध्यापनखर्चाचा मोठा भार विद्यार्थ्यांवर टाकला. अर्धवेळ फीची कमाल मर्यादा वर्षाला ६,७५० पौंड झाली. बदल्यात फीपुरते कर्ज देऊ केले. पण आधी पदवी घेतलेले आणि वर्षाला अगदी थोडा अभ्यास करणारे त्यातून वगळले. २०१० ते २०१५ या काळात इंग्लंडमधील अर्धवेळ पदवी-शिक्षणाचे नवे प्रवेश सुमारे निम्म्यावर आले. मालकवर्गाने कामगारांची फी भरण्यात हात आखडला, हेही एक कारण होतेच. पण पूर्णवेळ शिकणारे तरुण कर्जाला तितके बिचकले नाहीत, हे ध्यानात घ्यावे. अठराव्या वर्षीच्या कर्जापुढे उभे आयुष्य असते. चाळिशीतल्या माणसाच्या डोक्यावर आधीच एक कर्ज असते.

वेल्सने २०१८ साली अर्धवेळ विद्यार्थ्यांनाही निर्वाहासाठी अनुदान व कर्ज देऊ केले, आणि तेथे अर्धवेळ शिकणाऱ्यांची संख्या वाढली. त्याच वर्षी इंग्लंडने निर्वाह-कर्ज दिले खरे, मात्र दूरशिक्षण घेणाऱ्यांना जवळजवळ पूर्णपणे बाहेर ठेवले. ज्यांना गरज अधिक, तेच वगळले गेले!

महाराष्ट्रात नोकरदारांच्या सोयीसाठी सकाळी वर्ग भरविणारे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ साली मुंबईत सुरू झाले. नाशिकचे मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. रात्र महाविद्यालये आणि अभ्यासकेंद्रे यांच्याशी संबंध असलेल्या कार्यकर्त्यांनी पहिल्या वर्षाच्या नोंदी दुसऱ्या वर्षाच्या नोंदींशी ताडून पाहाव्यात. जी नावे दिसणार नाहीत, त्यांच्या घरी जाऊन कारण विचारावे, आणि हप्त्याने फी भरण्याची मागणी करताना ती यादी पुढे ठेवावी.