मध्यस्थाचा तोल

वैनगंगेच्या खोऱ्यात रोवणीचे दिवस आले आणि पावसाने ओढ दिली की शेजारधर्माची कसोटी लागते. बोडीतील पाणी आधी वरच्या बांधीत जावे की खालच्या, धुरा कोणी किती पोखरला, याची बोलाचाली सुरू होते. आणि पुढे दोन पिढ्या पुरेल असा दिवाणी दावा तिच्यातून उभा राहतो. बालाघाट जिल्ह्याला या गोष्टीची ओळख करून देण्याची गरज नाही. वकिलाची फी आणि तारखांचे हेलपाटे यांचा हिशेब मांडला, तर कित्येकदा वादातील जमिनीची किंमतही कमी पडेल.

म्हणून चार शहाण्यांनी बसून मिटवावे, ही कल्पना जुनीच आहे. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. मराठेशाहीत गोतसभेपुढे वाद जाई, तेव्हा सुनावणीपूर्वीच दोन्ही पक्षांकडून राजीनामा लिहून घेत. ‘सभेचा निर्णय मान्य करू’ असा त्याचा अर्थ. आज राजीनामा म्हणजे काम सोडणे; त्या काळी त्यात राजीखुशी होती. निर्णयानंतर हरलेला पक्ष येजितखत लिहून देई आणि वाद संपे.

परंतु जुने ते सारे न्याय्य होते, असे मानण्याचे कारण नाही. पुढे इंग्रजी अमदानीत गावचा मालगुजार हाच बहुधा तंटे मिटवी. तलावही पुष्कळदा त्याचाच असे. ज्याच्या हाती पाण्याची मोरी, त्याच्याच हाती पाण्याचा निवाडा! त्याची वृत्ती कितीही उदार असली, तरी समोरच्या कुळाला मोकळेपणाने ‘नाही’ म्हणता येत होते काय? 1951 साली मालगुजारी गेली, परंतु हा प्रश्न गेला नाही. मध्यस्थाचा एखाद्या पक्षाशी सोयरसंबंध असेल, देणेघेणे असेल, तर त्याने ते आधी उघड सांगावे आणि दुसऱ्या पक्षाची हरकत असल्यास उठून जावे. आजचा कायदाही हेच सांगतो.

दिवाणी प्रक्रिया संहितेचे 89वे कलम 1 जुलै 2002 पासून नव्या स्वरूपात लागू झाले. तडजोडीचा संभव दिसल्यास न्यायालय प्रकरण मध्यस्थीकडे किंवा लोकअदालतीकडे पाठवू शकते. पुढे 2023 साली मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा संसदेने केला. मात्र न्यायाधीश, लवाद आणि मध्यस्थ यांची सरमिसळ होता कामा नये. पहिले दोघे निर्णय देतात; मध्यस्थ निर्णय देत नाही. 2008 मध्ये पंजाबातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लोकअदालतीलाही हीच मर्यादा घालून दिली. पक्षांची तडजोड झाली तर ती नोंदवावी, न झाल्यास प्रकरण परत न्यायालयाकडे धाडावे. स्वतः निवाडा करू नये. ही मर्यादा महत्त्वाची अशासाठी की, लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही.

खरी अडचण भाऊबंदकीच्या दाव्यात येते. समजा, वडिलोपार्जित सहा एकर बांधी आहे. दोन भाऊ आहेत, एक बहीण आहे. 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. समेटाच्या बैठकीत भाऊ म्हणतात, ‘ताई, तुला माहेर हवे की जमीन?’ ताई मान खाली घालते आणि हक्कसोडपत्रावर सही करायला तयार होते. भांडण नाही, आवाज नाही, सगळे राजी. मध्यस्थाने येथे काय करावे?

काहींचे म्हणणे असे की त्याने गप्प राहावे. तिला तिचा हक्क सांगणे म्हणजे तिची बाजू घेणे. हे म्हणणे वरवर नि:पक्षपाती वाटते, पण ते टिकत नाही. तराजूचे एक पारडे आधीच कोणी दाबून धरले असेल, तर काटा पाहत स्वस्थ बसणे हा तोल नव्हे. मध्यस्थाने तिचे वकीलपत्र घेऊ नये, हे खरे. परंतु आपण काय सोडतो आहोत हे तिला ठाऊक आहे, एवढी खातरजमा करणे त्याचे कामच आहे. त्यासाठीच स्वतंत्र भेटीची सोय असते. भावांच्या देखत न बोललेली गोष्ट ती तेथे बोलू शकते. तिच्या संमतीवाचून ती बाहेर फुटत नाही, आणि समेट फिसकटला तरी न्यायालयात कोणाला वापरता येत नाही. एवढे कळल्यावरही तिने भावांना हिस्सा दिला, तर तो तिचा अधिकार आहे. मध्यस्थाने तेथे मोडता घालू नये.

आणखी एक गोष्ट, लहान दिसणारी. 1956 साली राज्यपुनर्रचनेत बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. कचेरीचा कारभार हिंदीत चालतो. घरात मात्र कोणी मराठी बोलते, कोणी पोवारी. करारनामा सहीपूर्वी त्या त्या पक्षाच्या बोलीत सावकाश वाचून दाखवला नाही, तर त्या सहीला अर्थ काय उरतो?

पाण्याचे तंटे मिटवताना राज्यांनाही याच वाटेने जावे लागले. गोदावरी खोऱ्यासाठी 1969 साली न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला गेला. परंतु 1980 च्या अंतिम निवाड्याचा मोठा भाग राज्यांनी आपसांत केलेल्या करारांवरच आधारलेला आहे. वैनगंगा ही त्याच खोऱ्यातली, आणि बावनथडीच्या धरणाचे पाणी आज बालाघाट आणि भंडारा हे दोन राज्यांतील जिल्हे वाटून घेतात.

गावातल्या समेटातही नुसते ‘पाणी समजुतीने घ्यावे’ एवढे लिहून भागत नाही. पहिली पाळी कोणाची, मोरी कोणी उघडावी, पाऊस कमी पडल्यास कोणी किती सोडावे, धुऱ्याची डागडुजी कोणाच्या खर्चाने, हे सारे कागदावर यावे लागते. बहिणीने हिस्सा राखला असेल, तर तिच्या बांधीची पाळीही त्याच कागदावर, भावांच्या पाळीशेजारी लिहावी लागते.